निर्वासित स्वरकाराची शिवरंजनी : वॉल्टर कॉफमन यांच्या मिश्रसंगीताचे समीक्षण

प्रस्तावना :

दोन भिन्न संगीतपद्धतींच्या संयोगातून निर्माण झालेल्या संगीताला आज सर्रास 'फ्यूजन' असे संबोधले जाते. या संगीताची चर्चा मात्र बहुधा वाद्यांच्या यादीपाशीच थांबते. सतारीसोबत गिटार, तबल्यासोबत ड्रम, एवढे नोंदविले की मिश्रण सिद्ध झाले असे मानले जाते. कोणत्या पद्धतीने आपला कोणता नियम सोडला, हा खरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मायदेश सोडावा लागलेल्या संगीतकाराच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. कारण त्याचा जुना श्रोता तुटलेला असतो आणि नवा अद्याप जोडला गेलेला नसतो. मुंबईत बारा वर्षे आश्रय घेतलेले वॉल्टर कॉफमन (१९०७-१९८४) यांच्या संगीताचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी :

बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जर्मनभाषक ज्यू कुटुंबात जन्मलेल्या कॉफमन यांनी बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्ता आली आणि १९३४ मध्ये ते मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. व्हायोलिनवादक मेहली मेहता हे त्यांचे तेथील सहकारी होत. १९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. भारतीय संगीत आरंभी आपणास परके व अनाकलनीय वाटले, अशी कबुली त्यांनी दिली आहे. परंतु ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात ते निरर्थक असू शकत नाही, तेव्हा उणीव आपल्याच आकलनाची आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या भूमिकेत आढळते.

संकेतधुनीचे स्वरूप :

आकाशवाणीच्या संकेतधुनीचे श्रेय सामान्यतः कॉफमन यांना दिले जाते. ही धून शिवरंजनी रागावर आधारित मानली जाते. षड्ज, शुद्ध रिषभ, कोमल गांधार, पंचम आणि शुद्ध धैवत हे या रागाचे पाच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. पाश्चात्त्य पद्धतीच्या दृष्टीने ही स्वरयोजना अडचणीची आहे. त्या पद्धतीत वाक्य पूर्ण झाल्याची जाणीव प्रामुख्याने पंचम, शुद्ध निषाद आणि रिषभ यांच्या स्वरसंघाताकडून षड्जाच्या स्वरसंघाताकडे येण्याने होते. शिवरंजनीत निषादच नाही. म्हणजे पाश्चात्त्य रीतीने पूर्णविराम द्यावयाचा तर रागाबाहेरचा स्वर आणावा लागेल आणि रागाची मर्यादा मोडेल.

संकेतधुनीत ही मर्यादा मोडलेली नाही. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची सुरावट पुढे सरकते. वाद्य युरोपचे, आधार मात्र तंबोऱ्याचा. येथे पाहुण्या पद्धतीने आपले सर्वांत बलवान शस्त्र, म्हणजे स्वरसंघातांची चौकट, बाजूला ठेवली आहे. या धुनीतील मिश्रण दोन्ही बाजूंनी समसमान नाही, आणि तेच तिच्या यशाचे कारण होय.

याच काळात प्रभात फिल्म कंपनीत केशवराव भोळे हेही पाश्चात्त्य वाद्यांचा वापर करीत होते. परंतु भोळे यांच्या पायाखाली मराठी नाट्यसंगीताची व भावगीताची भूमी होती. परके वाद्य घरी आणण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. कॉफमन हे स्वतःच परके होते. त्यांना आधी घराचे नियम शिकणे भाग होते.

मर्यादा :

कॉफमन यांच्या विस्तृत रचनांना मात्र हाच निकष लावला असता उत्तर इतके समाधानकारक मिळत नाही. टोरांटो येथील एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये प्रकाशित केलेल्या ध्वनिमुद्रणात त्यांची स्ट्रिंग क्वार्टेट आणि व्हायोलिन सोनाटा या प्रकारांतील रचना उपलब्ध झाल्या आहेत. त्यांत भारतीय सुरावटींची छाया जाणवते. परंतु चार वादकांसाठी लिहून निश्चित केलेल्या स्वरलिपीत राग हा विषयवस्तू म्हणून येतो, विस्तार म्हणून येत नाही. मींड, आंदोलन, तत्क्षणी होणारी बढत यांना तेथे फारसा अवकाश नाही. रागाचे स्वर आले, त्याचे चलन पूर्णपणे आले नाही, असे म्हणावे लागते.

या मर्यादेची जाणीव कॉफमन यांना असावी, असे त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्यावरून दिसते. १९४६ मध्ये भारत सोडल्यानंतर ते इंग्लंड व कॅनडामार्गे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेले. तेथून १९६८ मध्ये त्यांचा उत्तर भारतीय रागांवरील बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला. या ग्रंथाची मांडणी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांना अनुसरून आहे. मुंबईतील एका मराठी वकिलाने आयुष्य वेचून उभारलेली व्यवस्था निर्वासित विद्वानाने जगापुढे ठेवली, ही बाब मराठी संगीत-समीक्षेने अधिक ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे.

समारोप :

कॉफमन यांच्या चेंबर म्युझिकचा मुंबईतील श्रोतृवर्ग मर्यादित होता. परंतु १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर काटोल-नरखेडच्या संत्राबागांपर्यंत जी धून पहाटे पोहोचली, तिच्या रचनाकाराचे नाव बहुसंख्य श्रोत्यांना कधीच कळले नाही. नावानिशी लिहिलेले संगीत दूर राहिले आणि निनावी संगीत घराघरांत गेले. याला केवळ उपेक्षा म्हणता येणार नाही. ती धून परकी आहे असे कोणाला वाटलेच नाही, म्हणून ती कोणाची, हा प्रश्नही उद्भवला नाही. मिश्रसंगीताचे मूल्यमापन करताना किती वाद्ये एकत्र आली यापेक्षा कोणी काय शिकले आणि शिकल्यावर काय सोडले, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो, हेच या उदाहरणावरून स्पष्ट होते.