सायकलला मोटार आणि पत्रकांतले आकडे

बार्शीटाकळीच्या एका शिक्षकांनी आमच्याकडे चार जाहिरात-पत्रके पाठवली आहेत. साध्या सायकलला बसवायच्या विजेच्या मोटारींच्या किटची ही पत्रके. त्यांच्याकडे अकरावीला असलेली एक मुलगी नऊ किलोमीटरवरच्या गावाहून सायकलने येते. एस.टी.ची वेळ वर्गाच्या वेळेशी जुळत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात हाती आलेल्या पैशांतून सायकलला मोटार बसवून द्यायला तिचे वडील तयार आहेत. किट चुकीचे निघाले तर पैसे जातील आणि बहुधा तिचे येणेही थांबेल. तेव्हा यांतले कोणते घ्यावे, एवढाच शिक्षकांचा प्रश्न आहे.

चारही पत्रकांत ठळक टाइपात दोनच गोष्टी आहेत: मोटार किती वॅटची आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर. पहिल्यात २५० वॅट व ३५ किलोमीटर, दुसऱ्यात ३५० वॅट व ४० किलोमीटर, तिसऱ्यात ५०० वॅट व '६० किलोमीटरपर्यंत', चौथ्यात १००० वॅट आणि वेग ताशी ४५ किलोमीटर. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन्ही आकडे फक्त पहिल्याने दिले आहेत: ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तास. खरे तर किट घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच आकडे शोधायला हवेत. त्यांचा गुणाकार म्हणजे बॅटरीत साठणारी ऊर्जा, येथे २७० वॅट-तास. मोटारचे वॅट ऊर्जा किती वेगाने खर्च होऊ शकते ते सांगतात. साठा किती आहे ते सांगत नाहीत. विहिरीवरचा पंप किती अश्वशक्तीचा आहे यावरून विहिरीत पाणी किती आहे ते कळत नाही, तसेच हे.

मग एक किलोमीटरला किती ऊर्जा लागते? मुलगी, सायकल आणि किट मिळून ९० किलो धरू. बऱ्या डांबरी रस्त्यावर टायरच्या घर्षणाचा विरोध सुमारे ९ न्यूटन येतो. हवेचा विरोध ताशी २० किलोमीटर वेगाला सुमारे १० न्यूटन असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकूण १९ न्यूटन बलाविरुद्ध सेकंदाला ५.५६ मीटर जायला सुमारे १०५ वॅट शक्ती लागते. मोटार व कंट्रोलर यांची कार्यक्षमता पाऊणपट धरली तर बॅटरीतून १४० वॅट जातात, म्हणजे किलोमीटरला ७ वॅट-तास. वारंवार थांबणे, खड्डे, समोरचा वारा आणि टायरमध्ये कमी हवा हे सगळे धरून १० वॅट-तासांचा हिशेब ठेवावा. त्या मापाने पहिल्या किटची बॅटरी २७ किलोमीटर चालेल. छापलेले ३५ किलोमीटर खोटे म्हणता येणार नाहीत; फक्त त्यांतला काही भाग मुलीच्या पायांनी कापलेला असेल. ताशी २० किलोमीटरला तिने स्वतः ५० वॅट दिले तर मोटारवरचा भार निम्म्यावर येतो. किलोमीटरच्या आकड्याशेजारी 'पेडल किती मारल्यावर' हे छापायला हवे होते, ते चौघांनीही छापलेले नाही.

तिसऱ्या पत्रकाला मात्र इतकी सवलत देता येत नाही. ६० किलोमीटरसाठी ६०० वॅट-तासांच्या आसपास साठा हवा, आणि त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला बॅटरीचे वजन २ किलो दिले आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीत वेष्टनासह किलोमागे दीडशे वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा बसते. दोन किलोंत ३०० झाले. उरलेले तीस किलोमीटर विद्यार्थिनीनेच आणायचे आहेत.

दावे कुठवर जाऊ शकतात याचे एक उदाहरण बऱ्याच वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये आनंद महिंद्रा यांनी गुरसौरभ सिंग यांच्या अशाच एका किटची चित्रफीत समाजमाध्यमावर दाखवून त्याचे कौतुक केले. सायकलची चौकट न कापता आणि वेल्डिंग न करता बसणारे ते यंत्र कारागिरी म्हणून खरोखर सुबक होते. पण त्या वेळच्या बातम्यांत असेही छापून आले की, २० मिनिटे पेडल मारले की बॅटरी निम्मी भरते आणि पूर्ण भरल्यावर ४० किलोमीटर चालते. निरोगी माणूस सलगपणे १०० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. वीस मिनिटांत झाले ३३ वॅट-तास. चाळीस किलोमीटरच्या साठ्याचा निम्मा भाग आमच्या मापाने २०० वॅट-तास आणि फार हात राखून मोजला तरी सव्वाशे. शिवाय पायांकडून जनित्रात आणि जनित्रातून बॅटरीत जाताना होणारी गळती वेगळीच. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नववीच्या मुलाला तोंडपाठ असतो. तरी ही बातमी वाचून शंका विचारणारे पत्र आमच्याकडे एकही आले नाही.

ब्रेक दाबल्यावर बॅटरी भरते, असे दुसऱ्या पत्रकात आहे. विनागिअर हब मोटारमध्ये हे होऊ शकते. पण ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या ९० किलो वस्तुमानाची गतिज ऊर्जा सुमारे २१७० ज्यूल, म्हणजे ०.६ वॅट-तास. सगळी परत मिळाली तरी साठ मीटर जाता येईल.

आता वॅटचा मोह. २५० वॅट फार कमी, असे दुकानदार सांगतात. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर आपले ९० किलो ताशी १५ किलोमीटरने न्यायला सुमारे २४५ वॅट लागतात. असा चढ या वाटेवर सलग कुठेही नाही, हे शिक्षकांनीच कळवले आहे. दुसरीकडे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे पेडलच्या मदतीला मोटार असलेली सायकल मोटार-वाहन ठरत नाही ती काही अटींवर: मोटारची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी; ताशी २५ किलोमीटरला, किंवा पेडल मारणे थांबताच, मोटारची मदत बंद व्हायला हवी; आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असावे. पुण्याची ए.आर.ए.आय. ही त्यांतली एक. चौथे किट बसवले तर कायद्याच्या लेखी ते मोटार-वाहन होते. नोंदणी, विमा, परवाना सगळे आले. मुलगी सोळा वर्षांची आहे. पत्रकात यावर एक अक्षर नाही. तपासणीचे प्रमाणपत्र दाखवा, असे पहिल्या विक्रेत्यालाही विचारावेच लागेल.

पण पत्रकांवर आमचा सर्वांत मोठा आक्षेप ब्रेकबद्दल आहे. या मुलीची सायकल जुन्या धाटणीची, रॉड ब्रेकची आहे. त्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला खालून दाबले जाते आणि त्यासाठी रिमचा आकारही तसा लागतो. किटबरोबर येणारे मोटारचे चाक बहुधा केबल ब्रेकच्या रिमचे असते. म्हणजे ज्या चाकात मोटार बसली, त्याच चाकाचा ब्रेक गेला! शिवाय ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा स्विच असतो केबलच्या लिव्हरमध्ये, तोही इथे बसत नाही. मोटार पुढच्या चाकात असेल तर तिचा आस चिमट्यात फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाची लोखंडी पट्टी लागते. ती एकाच किटच्या यादीत सापडली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षावर काम केले, तेव्हा नुसती मोटार जोडून ते थांबले नाहीत. त्यांच्या सुधारित रिक्षात पाच वेगांचे गिअर, आखूड चेन, मागच्या चाकांना ब्रेक आणि बरे सस्पेन्शन होते. मोटारच्या मदतीने चालणारी आणि पूर्ण विजेची रिक्षा हे त्याच कामाचे पुढचे नमुने. २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा यावरचा लेख आला. आमच्या पत्रककारांनी तो वाचलेला दिसत नाही.

शिक्षकांना आम्ही पहिले किट सुचवले आहे, मोटार मागच्या चाकात. त्याआधी दोन्ही चाकांना केबल ब्रेक बसवून घ्यावेत आणि तो खर्च किटच्या किमतीत धरावा. मागच्या चिमट्यात मोटारचा आस मावतो का, ते सायकल दुकानात नेऊन मोजावे. बॅटरीचा प्रश्न उरतो. जाऊन-येऊन १८ किलोमीटरला १८० वॅट-तास लागतात. नवी २७० ची बॅटरी पुरेल, पण काही वर्षांनी ती सत्तर टक्क्यांवर आली की १८९ च उरतील. दहा अँपिअर-तासांची घ्यायला पैसे नसतील तर दुपारी प्रयोगशाळेत चार्जर लावू द्यावा. एका वेळच्या नऊ किलोमीटरचे ९० वॅट-तास दोन अँपिअरच्या चार्जरने सव्वा-दीड तासात भरून निघतात, आणि संस्थेची वीज जाते युनिटच्या आठव्या हिश्शाइतकी. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बहुतेक लिथियम-आयन घट त्यावर चार्ज करू नयेत असे उत्पादक सांगतात. घरी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग करायचे ते पहाटे.

१० वॅट-तासांचा आमचा आकडा वर्गालाही तपासता येईल. सपाट रस्त्यावर मुलीला सायकलवर बसवून, हँडलला दोरी व स्प्रिंगचा काटा लावून संथ चालीने ओढावे. काटा एक किलोच्या खाली-वर दाखवेल. ते न्यूटनमध्ये बदलून हजार मीटरने गुणले की ज्यूल मिळतात आणि त्यांना ३६०० ने भागले की वॅट-तास. डांबरी रस्त्यावर अडीचच्या आसपास उत्तर यावे. यात हवेचा विरोध नाही आणि मोटारची गळतीही नाही. मग तीच सायकल गावाकडच्या कच्च्या वाटेवर ओढून पाहावी आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवावेत.