दारूचा ‘जोर’ आणि तक्ते

पिस्तुलाची काडतुसं हातानं भरायला शिकवणाऱ्या परदेशी पुस्तकांत नवख्याला पहिला सल्ला असतो: तक्ता पाळा. बरोबरच आहे, पण का पाळायचा हे दोन ओळींत उरकतात. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. इथे फक्त विज्ञान बघू.)

कोकणात लोकांच्या माहितीची ती ठासणीची बंदूक. तिच्यात काळी दारू मापानं ओततात, आणि ‘जास्त दारू, जास्त जोर’ हा हिशोब डोक्यात बसतो. धूरविरहित दारूला तो लावणं धोक्याचं. १८८४ मध्ये ती तयार करणाऱ्या पॉल व्ह्येय यांचाच नियम आहे की दाब वाढला की ज्वलनाचा वेग वाढतो. वेग वाढला की पुन्हा दाब! ९ मिमीच्या इवल्याशा पुंगळीत गोळी थोडी खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब चढतो. म्हणून गोळी बदलली तर तक्त्यातला जुना आकडा विसरायचा.

माझा खरा आक्षेप काटकसरीच्या कौतुकाला. जलद जळणारी दारू थोडीशीच लागते, म्हणून नवख्याला ती स्वस्त म्हणून सुचवतात. पण .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी बनलेली, ऐसपैस. तिच्यात चुकून दुप्पट दारू पडली तरी मावते, वरून पटकन कळतही नाही. फुगीर दारू असेल तर दुसऱ्या मापाला ती काठावरून सांडते.