विंचवाचे विष आणि यकृत : एका दाव्याची तपासणी

विंचवाच्या विषाने बिघडलेले यकृत सुधारते, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावात विंचू चावणे नवे नाही आणि काविळीवर गावठी औषध घेणेही नवे नाही. तेव्हा ‘सर, हे खरे आहे का?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर शिक्षकाने काय सांगावे?

प्रथम पुरावा पाहू. असे बरेच प्रयोग उंदरांवर होतात. कार्बन टेट्राक्लोराइडसारखे द्रव्य देऊन त्यांच्या यकृताला इजा करतात व रक्तातील एएलटी, एएसटी ही विकरे मोजतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की ही विकरे रक्तात उतरतात. ती कमी आढळली की ‘यकृताचे रक्षण झाले’ असे म्हटले जाते.

आमचा पहिला आक्षेप येथे आहे. कार्बन टेट्राक्लोराइडचे घातक रूप यकृतातीलच एक विकर तयार करते. तपासायचे औषध आधी दिले आणि त्याने हे विकरच रोखले, तर इजा होणारच नाही. यात इजा टळली. झालेली इजा भरून निघाली नाही. दवाखान्यात रुग्ण येतो तो मात्र इजा झाल्यानंतर.

दुसरा आक्षेप ‘विष’ या शब्दाला आहे. विष हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. २०११ साली चिनी संशोधकांनी विंचवाच्या विषातील एचपी१०९० हे पेप्टाइड हिपॅटायटिस-सी विषाणूला रोखते, असे दाखवले. काम मोलाचे आहे. पण ते एका घटकाचे व प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे. आपल्याकडील लाल विंचवाचे संपूर्ण विष चेतापेशींच्या सोडियम मार्गिका उघड्या ठेवते. शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, यकृतातील ग्लायकोजेन झपाट्याने खर्च होते, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते.

माणसांवरचा पुरावा कसा असावा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवले. पुढे त्याला प्रतिविषाची जोड दिली तर काय होते, हेही त्यांनी तपासले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दोन्ही औषधे दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. रुग्ण खरे, तुलना उघड आणि मोजमाप साधे.

म्हणून अशी बातमी वर्गात आली तर ती फेटाळू नये. मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत : संपूर्ण विष की एक घटक? इजेच्या आधी दिले की नंतर? पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? आणि एक गोष्ट स्पष्ट सांगावी. विषातून उद्या एखादे औषध निघेलही. आज मात्र विंचू चावलेल्याने आणि कावीळ झालेल्यानेही वेळ न दवडता दवाखानाच गाठला पाहिजे.