ऐकू येणारे पाऊल

आषाढी एकादशीच्या सकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे निघालेल्या दिंड्या दिसण्याआधी ऐकू येतात. कात्रक रोडवर टाळांचा आवाज आधी पोचतो, मग मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा, आणि रांग पुरती जवळ आल्यावरच पाय दिसतात. वडाळ्याच्या या देवळाला मुंबईकर प्रतिपंढरपूर म्हणतात. त्याच्या स्थापनेशी इथल्या मिठागरांतल्या माणसांची कथा जोडलेली आहे. ज्यांना पंढरपूरला जाणे जमत नाही अशी भजनी मंडळे आणि शाळांतली मुले त्या दिवशी इथे येतात. त्यांतली काही पावली खेळतात. या लेखाचा विषय ती पावली आहे. म्हणजे खरे तर तिच्या निमित्ताने पाय आणि ताल यांचा संबंध, ज्याकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही.

पावलीची मांडणी वरवर सोपी दिसते. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग. एक पाऊल पुढे पडते, दुसरे त्याला येऊन मिळते, अंग कमरेत वाकते आणि तेवढीच वाट मागे. लय ठाय असते, हळूहळू चढते, शेवटी उड्या सुरू होतात. गावागणिक पावली बदलते. न बदलणारी गोष्ट एकच: प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात टाळ असतो. नवशिका मुलगा बसल्या भजनात टाळ धरायला शिकतो. मोकळ्या हातांनी पावले टाकायलाही शिकतो. दोन्ही एकत्र केले की पहिले काही दिवस दोन्ही बिघडतात. ठाय लयीत दोन पावलांच्या मधे टाळाचे आघात येतात, आणि नवख्याचा पाय त्या मधल्या आघातांवरही उचलला जातो. पायाला आवरायचे आणि हाताला सोडायचे, ही पावलीतली खरी मेहनत. पाय चुकला की हातही ढळतो, आणि हात ढळला की वीस टाळांच्या रांगेत तो एक टाळ लगेच कानाला टोचतो. रांगेचा आवाज फाटतो. म्हणजे इथे पावलाची चूक डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते.

हे किती वेगळे आहे, ते एका परक्या नाचाशेजारी ठेवून पाहावे. मुंबईतल्या डान्स क्लासांत साल्सा आता नवा राहिलेला नाही. त्याची क्युबाची शाखा ‘कासिनो’ या नावाने ओळखली जाते. ती १९५०च्या दशकात हवानातल्या क्लबांमध्ये घडली. ‘साल्सा’ हे नाव पुढे १९७०च्या दशकात न्यूयॉर्कहून रूढ झाले. जोडीचा नाच असला तरी शिकणाऱ्याला आधी एकट्याने पाय घोटावे लागतात. एक-दोन-तीन, चौथ्याला थांबा. पाच-सहा-सात, आठव्याला थांबा. आठ मात्रा ऐकून आपल्याला केरवा आठवतो आणि तिथेच फसगत होते. केरव्यात सम ठरलेली, खाली ठरलेली. ढोलकी ती जागा दाखवत राहते. क्युबाच्या संगीतात सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे क्लावे: दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून दोन मापांत काढलेले पाच आघात, एका मापात तीन आणि दुसऱ्यात दोन. आवर्तन तिनाच्या बाजूने सुरू होऊ शकते, दोनाच्या बाजूनेही. त्यात बासचा सूर बहुधा पहिल्या मात्रेच्या आधीच येऊन जातो आणि नेमका पहिल्या मात्रेवर गप्प असतो. ज्याच्या भरवशावर पाऊल टाकावे तोच आधी बोलून मोकळा! मोजत नाचणारा इथे हमखास घसरतो. पुढचा टप्पा आणखी अवघड. जुन्या ‘सोन’ नाचाच्या वळणाने पहिली मात्रा सोडून दुसरीवर पाऊल टाकायचे. त्याला तिथे कोंत्रातिएम्पो म्हणतात. आपण उलट्या वजनाचे म्हणू.

या सगळ्या तयारीत नाचणारा संगीताचा शोध घेत असतो. क्लावे दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, ती वाजते आहे किंवा न वाजताही गृहीत धरलेली आहे, आणि आपल्या पायांनी ती पकडायची आहे. चुकलाच, तर साथीदारणीला धक्का बसेल, पाहणाऱ्याला दिसेल. गाण्याला मात्र काहीच होणार नाही. वडाळ्याच्या रस्त्यावरचा टाळकरी आपली क्लावे आपल्याच हातात घेऊन चालतो. त्याला ताल शोधावा लागत नाही, पण तो मोडण्याची सोयही त्याला नाही. एकाच्या पायांना संगीताची आज्ञा पाळायची असते. दुसऱ्याचे पाय संगीत घडवण्याच्या कामातच जुंपलेले असतात. आपल्याकडच्या कितीतरी नाचांचे हे लक्षण आहे. लेझीम घ्या, कोकणातल्या चाकरमान्यांनी गिरणगावात आणलेला जाखडीचा घुंगरू बांधलेला पाय घ्या. आणि सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे खडी लावणी, वडाळ्याहून फार लांबची नाही. लालबागच्या हनुमान थिएटरातली.

नेराळे कुटुंबाचे हे थिएटर म्हणजे गिरणी कामगारांचे हक्काचे ठिकाण. पाळी सुटल्यावर तिथे येणारा प्रेक्षक काय ऐकायला येत असे, हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला गेला. काय पाहायला येत असे, याची उत्तरे मात्र भरपूर आहेत, आणि ती बहुतेक तोंड वाकडे करून दिलेली.

लावणीवरचे मराठी लेखन मुख्यतः शब्दांवर आहे. म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’, य. न. केळकरांचे ‘अंधारातील लावण्या’, शाहिरांच्या बाडांची संपादने, होनाजी आणि रामजोशी यांच्या रचनांची चर्चा: हे सारे मोलाचे काम आहे, आणि त्याशिवाय आज लावणीवर एक वाक्य लिहिता येणार नाही. पण त्यातून लावणी ही कागदावर छापता येते तेवढीच, अशी सवय आपल्याला लागली. सरकारनेही तीच सवय उचलली. १९४८ साली खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा वग आणि गाणी तपासून घेण्याची अट आली. द्वयर्थी शब्द खोडता येत होता. पायांची संहिता नव्हती, म्हणून पाय तपासणीतून सुटले, आणि त्याच कारणाने समीक्षेतूनही सुटले. दुसऱ्या बाजूला किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आले आणि या कलेच्या मागचे शोषण झाकून ठेवणे अशक्य झाले. अलीकडे भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ने (२०१४) थिएटरातल्या बायकांचे जगणे आणि त्यांची कला एकत्र पाहिली, तो सुखद अपवाद. एरवी आपली चर्चा काव्य आणि पाप या दोन खुंट्यांनाच बांधलेली राहिली.

‘तिने पायात चाळ बांधली’ हे मराठीतले एक वाक्य पाहा. ऐकणाऱ्याला त्यातून एकच अर्थ कळतो: हिचे लग्न आता होणार नाही. कोल्हाटी समाजात ते वाक्य खरोखरच निवाड्यासारखे होते आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. पण चाळ हे एक वाद्यही आहे, ही गोष्ट त्या निवाड्याखाली गाडली गेली. वाद्य हातात धरले की माणसाला वादक म्हणतात. पायात बांधले की त्या बाईला दुसरे नाव मिळते.

चाळ वाजवणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलात पाहू. लावणीतल्या चाळा जड असतात. पाय हवेत असला तरी घुंगरे हलतात आणि वाजतात. म्हणून आवाज काढणे सोपे, थांबवणे अवघड. तळवा सपाट आणि ठाम टेकला तरच आवाज तुटतो. पाऊल जमिनीला लागण्याचा क्षण आणि घुंगरे एकवटून वाजण्याचा क्षण यांत किंचित फट असते. चाळ जितकी जड तितकी ती जाणवते. ढोलकीच्या थापेशी आवाज जुळवायचा असेल तर पाऊल थापेच्या केसभर आधी पडावे लागते. ही गोष्ट मोजून येत नाही. ती रोज, पेटीशिवाय, एकटीने, सावकाश लयीत पाय घोटून येते. त्यामुळे एकट्याचा रियाज ही साल्सावाल्यांची गरज आहे तशीच बारीतल्या मुलीचीही होती. फरक एवढाच, की साल्सा शिकणाऱ्याच्या सरावाला छंद म्हणतात आणि हिच्या सरावाला बरीच वर्षे कुणी सरावही म्हटले नाही.

मग कडवे संपते, पालुपद येते, ढोलकी मुखडा घेऊन उठते आणि गाणे काही आवर्तने बाजूला होते. या जागेत बाई आणि ढोलकीवाला यांच्यात जे चालते, त्याला साथ म्हणणे अपुरे आहे. ती एक बोल पायाने टाकते, तो उचलतो. तो लय दुप्पट करतो, ती एक आवर्तन नुसती उभी राहते आणि तिसऱ्याच जागी येऊन समेवर भेटते. याचे जवळचे नाते कासिनोशी नाही. ते क्युबाच्याच रुंबातल्या ‘कोलुंबिया’ या एकट्याने नाचायच्या प्रकाराशी आहे, जिथे किंतो नावाचा उंच स्वराचा ढोल नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहून वाजतो आणि नाचणारा त्याला डिवचत राहतो. तिथेही नाच वसाहतीतल्या कष्टकऱ्यांचा, बंदरांच्या आणि उसाच्या मुलखातला. साम्य फार ताणू नये. पण ढोलाने पायांकडे पाहणे ही गोष्ट दोन्हीकडे आहे, आणि तीच मोलाची आहे.

बैठकीच्या लावणीला हे लागू नाही, हेही सांगायला हवे. यमुनाबाई वाईकर बसून अदा करत तेव्हा पाय दुमडलेले असत, आणि लयीचे सगळे काम डोळे, बोटे आणि शब्द उशिरा सोडण्याची त्यांची हातोटी यांवर असे. तो निराळा अभ्यास आहे.

पाय आणि आवाज यांची ताटातूट झाली ती सिनेमात. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला, पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला, आणि लावणी घराघरांत गेली. ती गेली कशी? गळा एकीचा, देह दुसरीचा, आणि घुंगरे स्टुडिओत ध्वनिक्षेपकाजवळ बसून हाताने वाजवणाऱ्या तालवादकाची. गिरगावच्या फणसवाडीत वाढलेल्या सुलोचना चव्हाण यांनी लावणीचा ठसका महाराष्ट्राच्या कानांत बसवला आणि स्वतः पदर खांद्यावरून नीट घेऊन, एका जागी उभ्या राहून गायल्या. त्यांच्या गाण्याची थोरवी वादातीत आहे. पण या तीन तुकड्यांच्या लावणीत पायांना फक्त दिसण्याचे काम उरले. पडद्यावरचे पाऊल थोडे मागेपुढे झाले तरी आवाज बिनचूक येतो, कारण तो त्या पावलाचा नसतोच. ‘पिंजरा’ (१९७२) रंगीत झाला, कॅमेरा पायांच्या जवळ गेला. ताटातूट तीच राहिली.

आज रंगमंचावरच्या लावणीचे पुष्कळसे कार्यक्रम ध्वनिमुद्रित गाण्यावर होतात. कलाकाराच्या पायात चाळ असते, भरघोस असते, आणि गाण्यातच घुंगरे आधी वाजून गेलेली असतात. दोन आवाज एकमेकांवर पडतात, म्हणून गाणे मोठे केले जाते आणि खरी चाळ बुडते. वाद्याचा दागिना होतो. मुली मेहनत घेत नाहीत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या गिरक्या, त्या बैठका घाम गाळल्याशिवाय येत नाहीत. पण त्या मेहनतीची जात बदलली आहे. ठरलेल्या गाण्याच्या ठरलेल्या ठिकाणी पोचण्याचा तो सराव आहे, म्हणजे साल्साच्या क्लासातलाच. आणि क्लावेसारखे गुंतागुंतीचे काही त्या गाण्यात नसल्याने त्याहून सोपा.

याला पैशाचे कारण आहे आणि ते खोटे नाही. ढोलकी, पेटी, तबला, झीलकरी यांना बिदागी, प्रवास, जेवण द्यावे लागते. पेनड्राइव्हला काही लागत नाही. जिचे पोट कार्यक्रमावर आहे तिला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार दिवाळी अंकाच्या वाचकाला नाही, लेखकाला तर त्याहून नाही. मात्र स्पर्धा भरवणाऱ्या संस्था, महोत्सव करणारे सरकार आणि गुणपत्रिका हातात घेऊन बसणारे परीक्षक यांना विचारता येईल, की ‘तालाचे गुण’ या रकान्यात ते नक्की काय ऐकून आकडा लिहितात. मुद्रित गाण्यावर ताल चुकणारच नाही. तो वादकांनी कधीच बरोबर वाजवून ठेवला आहे. चुकले तर फक्त हालचालीचे चुकेल.

पावलीकडेही हे वारे आले आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले पांढरे सदरे घालून, टाळ घेऊन, ध्वनिमुद्रित भजनावर पावली करतात. टाळ आपटल्यासारखे करायचे, वाजू द्यायचे नाहीत, असेही काही ठिकाणी शिकवतात, कारण शंभर मुलांचे टाळ गाण्याच्या पुढेमागे होतात. त्या मुलांना पावलीची अवघड बाजू कधीच भेटत नाही.

लालबागचे हनुमान थिएटर १९८२च्या संपानंतर गिरणगावासारखेच खचत गेले आणि पुढे बंद पडले. फडात ढोलकीवाला बाईच्या मागे, किंचित बाजूला उभा असतो. तिचा चेहरा त्याला दिसत नाही, अदा दिसत नाही, ज्या डोळ्यांवर पुढची बाकडी शिट्ट्या वाजवतात ते डोळेही दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त टाचा.