प्रदक्षिणेचे कथनरूप : पवित्र पर्वताकडे जाणाऱ्या दोन संहिता

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना 'प्रवास' आणि 'यात्रा' या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या पर्याय म्हणून वापरल्या जातात. व्यवहारात ते चालून जाते. कथनरूपाच्या विचारात मात्र त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. प्रवासाला गंतव्य असते आणि तेथे पोहोचणे हा त्याच्या कथनाचा स्वाभाविक उत्कर्षबिंदू असतो. यात्रेलाही गंतव्य असते. परंतु तेथे पोहोचल्यावर काय करावयाचे हे परंपरेने आधीच ठरविलेले असते : दर्शन, स्नान, पिंडदान, प्रदक्षिणा. यांपैकी प्रदक्षिणा ही क्रिया कथनाच्या दृष्टीने सर्वाधिक अडचणीची आहे. दर्शनाला एक क्षण असतो, प्रदक्षिणेला तसा क्षण नसतो. ज्याच्याभोवती फिरावयाचे ते केंद्र सतत एका बाजूला राहते. चालणाऱ्याचे त्याच्याशी असलेले अंतर चालण्याने मिटत नाही.

पश्चिम तिबेटातील कैलास हे या अडचणीचे अत्यंत शुद्ध उदाहरण होय. ६,६३८ मीटर उंचीच्या या शिखरावर देऊळ नाही, मूर्ती नाही, गाभारा नाही. यात्रेकरू त्याच्याभोवती सुमारे ५२ किलोमीटरची परिक्रमा करतात आणि तिच्यातील सर्वांत उंच स्थान असलेली डोल्मा खिंडही (सुमारे ५,६३० मीटर) शिखरापासून दूरच असते. हिंदू आणि बौद्ध पर्वत उजवीकडे ठेवून चालतात, तर बोन धर्माचे अनुयायी तो डावीकडे ठेवून विरुद्ध दिशेने फिरतात. जैनांच्या दृष्टीने हा ऋषभदेवांच्या निर्वाणाचा अष्टापद आहे. चार परंपरांना हा पर्वत मान्य आहे, आणि त्यावर पाऊल ठेवणे कोणत्याही परंपरेला अभिप्रेत नाही. १९८०च्या दशकात राइनहोल्ड मेसनर या ख्यातनाम गिर्यारोहकापुढे चढाईची संधी आली असता त्यानेही ती नाकारली. तिबेटी आख्यायिकेत शिखर गाठणारा एकच, मिलारेपा. आणि तोही चढून नव्हे, तर सूर्यकिरणावर स्वार होऊन. रावणाची कथा याच आशयसूत्राची दुसरी बाजू सांगते. जो पर्वत उचलून नेऊ पाहतो तो त्याच्याखाली चिरडला जातो. पर्वताशी दोनच संबंध संभवतात, असे या कथा सुचवितात : ताबा किंवा परिक्रमा.

ज्या लेखकाला परंपरेचा विश्वास उपलब्ध नाही, परंतु जो यात्रेचा मार्ग पायी तुडवितो आणि त्यावर लिहितो, त्याच्या संहितेत यांपैकी कोणता संबंध घडतो, हा येथील प्रश्न आहे. श्रद्धा नसताना यात्रेचे रूप उसने घेणे हा केवळ अलंकार ठरतो काय, असेही तो मांडता येईल.

२

या प्रश्नाला भारतीय साहित्यात एक जुनी पूर्वपीठिका आहे. 'मेघदूता'तील कैलासाची वाट जो सांगतो तो स्वतः त्या वाटेने जात नाही. यक्ष रामगिरीवर जखडलेला आहे, वा. वि. मिराशी यांच्या प्रतिपादनानुसार रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक. तेथून मेघ निघतो, क्रौंचरंध्रातून उत्तरेकडे सरकतो आणि रावणाच्या बाहूंनी सांधे खिळखिळे केलेल्या कैलासाचा अतिथी होतो. कालिदासाच्या काव्यात हा मार्ग संपूर्णपणे विरहाच्या गरजेतून रचला गेला आहे. वाटेवरील प्रत्येक नदी आणि नगर हे विरही मनाने पाहिलेले आहे. हा काव्याचा दोष नव्हे. कारण आपण तेथे गेलो होतो असा दावा यक्षाची वाणी करीत नाही. तिचा सारा व्यवहार विध्यर्थी आणि भविष्यकाळी आहे : तू जा, तुला दिसेल.

काव्यातला कैलास आणि नकाशावरचा कैलास यांच्यातील अंतर अलीकडच्या इतिहासलेखनाने स्पष्ट केले आहे. ॲलेक्स मॅके यांनी 'कैलास हिस्टरीज' (२०१५) या ग्रंथात दाखविले आहे की, पुराणांतील कैलास आणि तिबेटातील हे विशिष्ट शिखर यांची आज गृहीत धरली जाणारी एकरूपता, तसेच या शिखराची जागतिक कीर्ती, ही मोठ्या प्रमाणात विसाव्या शतकाची निर्मिती आहे. तीत ब्रिटिश अधिकाऱ्यांचा, स्वेन हेडिनसारख्या संशोधक प्रवाशांचा आणि स्वामी प्रणवानंदांसारख्या संन्याशांचा वाटा आहे. हेडिनने १९०७ मध्ये परिक्रमा केली. तत्पूर्वी १९०० मध्ये एकाई कावागुची हा जपानी भिक्षू तेथे जाऊन आला होता. म्हणजे आधुनिक लेखक ज्या पर्वताकडे चालू लागतो तो आधीच संहितांनी वेढलेला असतो. त्याचे चालणे हे वाचनानंतरचे चालणे असते. यक्षाप्रमाणे त्याच्याही जवळ विरह आहे. फरक इतकाच की, येथे मेघ पाठविता येत नाही. स्वतःलाच जावे लागते, आणि वाटेत जे दिसते ते विरहाच्या सोयीचे असेलच असे नाही.

३

पीटर मॅथीसन यांचे 'द स्नो लेपर्ड' (१९७८) कैलासाविषयी नाही. ते नेपाळच्या डोल्पो प्रदेशातील शे गोम्पा आणि तेथील स्फटिकपर्वताविषयी आहे. परंतु पवित्र पर्वत, दुर्गम खोरी आणि शोक या तिन्ही घटकांमुळे ते या चर्चेत अपरिहार्य ठरते. १९७३ च्या सप्टेंबरअखेरीस मॅथीसन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्यासह पोखऱ्याहून निघाले. शॅलर यांना भरल या प्राण्याचा अभ्यास करावयाचा होता. मॅथीसन झेन साधक होते, आणि त्यांच्या पत्नीचा कर्करोगाने मृत्यू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आठ वर्षांच्या मुलाला घरी ठेवून ते निघाले होते.

दिनांकवार नोंदींचे रूप या पुस्तकाने स्वीकारले आहे आणि ते अर्थपूर्ण आहे. रोजनिशीला शेवट ठाऊक नसतो. म्हणून हिमबिबळ्या दिसेल की नाही ही उत्कंठा तीत टिकून राहते. शेवटी तो दिसत नाही. न दिसण्याचा निवेदक स्वीकार करतो, आणि हा स्वीकारच पुस्तकाचा उत्कर्षबिंदू ठरतो. बहुतेक वाचकांना येथेच त्याची थोरवी जाणवते. परंतु याच ठिकाणी थांबून विचार करणे आवश्यक आहे. 'न दिसणे' हीच उपलब्धी ठरली की अभावाचेही रूपांतर मिळकतीत होते. गैरहजर प्राणी साधकाच्या मनाच्या स्थितीचे चिन्ह बनतो आणि प्राणी म्हणून उरत नाही. शे येथे आलेली घरची पत्रे निवेदक न उघडताच ठेवून देतो. वर्तमानक्षणाच्या साधनेशी ही कृती सुसंगत आहे. मात्र त्या पत्रांच्या दुसऱ्या टोकाला वाट पाहणारे एक मूल आहे, हे संहिता पुरते लपवू शकत नाही आणि पुरते पेलूही शकत नाही. परिक्रमेच्या भाषेत येथे चढाईचे कथन चालले आहे. शिखर तेवढे आतले आहे.

असे असूनही ही संहिता या आरोपातून सुटते ती तुक्तेन या हमाल शेर्पामुळे. इतरांच्या दृष्टीने तो संशयास्पद, बेभरवशाचा माणूस आहे. निवेदकाला मात्र त्याच्यात गुरूची छाया दिसू लागते. परतल्यावर बोधनाथच्या स्तूपापाशी भेटण्याचे ठरते आणि तुक्तेन येत नाही. हिमबिबळ्याचे न येणे निवेदकाला अर्थाच्या चौकटीत बसविता आले. तुक्तेनचे न येणे तसे बसविता येत नाही. त्याला स्वतःचे आयुष्य आहे आणि ते पुस्तकाबाहेर चालू आहे. ज्या संहितेने प्राण्याला चिन्ह केले, तिला माणसाला चिन्ह करणे अखेरीस साधले नाही. हे अपयशच तिचे सर्वांत सच्चे पान होय.

४

कॉलिन थूब्रॉन यांच्या 'टु अ माउंटन इन तिबेट' (२०११) या पुस्तकातील वाट नेपाळच्या हुमला जिल्ह्यातील सिमिकोटहून निघते, कर्णालीच्या खोऱ्याने चढत हिल्सापाशी सीमा ओलांडते आणि ताक्लाकोट, मानसरोवर या क्रमाने कैलासापाशी येते. येथेही शोक आहे. आईच्या मृत्यूनंतर निवेदक आपल्या मूळ कुटुंबातला अखेरचा माणूस उरला आहे. बहीण एकविसाव्या वर्षीच आल्प्समध्ये हिमप्रपातात गेली. तो श्रद्धाळू नाही, साधकही नाही. मृतांच्या कारणाने आपण चालत आहोत एवढेच तो स्वतःशी मान्य करतो, आणि हे कारण पुरेसे नाही हेही त्याला कळते.

मॅथीसन यांच्याशी तुलना करता दोन कथनविशेष नजरेत भरतात. पहिला शोकाच्या मांडणीचा. आईबापांविषयीच्या आठवणी अखंड प्रवाहाने येत नाहीत. खोऱ्यातल्या एखाद्या वळणावर त्या अवचित येतात आणि तेवढ्याच अवचित थांबतात. त्यांचा पर्वताशी कार्यकारणसंबंध जोडला जात नाही. दुसरा विशेष वाटेवरील माणसांच्या बोलण्याचा. हुमलातील गावकरी निवेदकाशी दारिद्र्य, आजार, गाव सोडून जाण्याची इच्छा यांविषयी बोलतात. ज्या खोऱ्याकडे तो दूरत्वाच्या ओढीने आला आहे, त्यातूनच त्यांना बाहेर पडावयाचे आहे. ही विसंगती संहिता सोडवीत नाही, उघडी ठेवते.

सागा दावाच्या पर्वात तरबोचे येथील ध्वजस्तंभ उभारला जातो आणि परिक्रमा सुरू होते. चढणीवर शिवात्सल हे स्थान लागते. तेथे यात्रेकरू आपली वस्त्रे, केस, एखादी वस्तू ठेवून जातात, काही जण प्रेतासारखे पडून राहतात. खिंड ओलांडण्यापूर्वी मरण आधीच भोगून घ्यावयाचे हा त्यामागील भाव. शोकग्रस्त निवेदकाला याहून सोयीचे प्रतीक मिळणे कठीण. दुबळ्या लेखकाने येथे आईची आठवण अर्पण करून मनःशांती मिळविली असती. थूब्रॉन ते टाळतात. इतरांचा विधी ते इतरांचा म्हणून पाहतात. डोल्मा खिंड ओलांडून उतरणीला लागल्यावर पुस्तक लवकरच संपते. सांत्वनाचे प्रकरण येत नाही. वर्तुळ पायांनी पुरे होत असेल, संहिता ते पुरे करीत नाही. या संयमाचेही एक मोल द्यावे लागते : निवेदक इतका सावध आहे की काही वेळा पर्वताबरोबर वाचकही अंतरावर राहतो. तथापि केंद्राला केंद्राच्या जागी राहू देण्याची प्रदक्षिणेची अट हे पुस्तक अधिक प्रामाणिकपणे पाळते.

५

या तुलनेतून निघणारा निकष श्रद्धेचा नाही. श्रद्धा असलेली संहिताही पर्वताला आत्मप्रतिमेचा आरसा बनवू शकते, आणि अश्रद्ध संहिता त्याला बाहेर राहू देऊ शकते. परंतु पर्वत बोलत नाही. त्याला आपण बाहेर ठेवले की गिळंकृत केले, हे त्याच्यावरून ओळखणे अवघड असते. ते ओळखू येते सहयात्रिकांवरून. म्हणून यात्रावर्णनाची खरी कसोटी शेजारी चालणाऱ्या माणसांच्या चित्रणात असते.

मराठी वाचकाला ही कसोटी अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' या लेखात पंढरीच्या वारीत चालणाऱ्या सुशिक्षित, चिकित्सक स्त्रीची दृष्टी मांडली. त्यातील आत्मीयता सर्वज्ञात आहे. परंतु त्याच लेखात ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंक्ती वेगळ्या असल्याची बोचही आहे. १९६२ मध्ये हा लेख इंग्रजीत गेला आणि व्हिक्टर टर्नर यांनी आपल्या तीर्थयात्राविषयक विवेचनात त्याचा उपयोग केला. यात्रेत सामाजिक भेद सैलावून समबंध निर्माण होतो, या त्यांच्या सिद्धान्ताला पुढे ईड आणि सॉलनाऊ यांनी १९९१ मध्ये आव्हान दिले : यात्रा हे परस्परविरोधी अर्थांच्या संघर्षाचेही क्षेत्र असते. कर्वे यांच्या लेखात ही दोन्ही टोके आधीच एकत्र नांदत होती. भक्तीचा ओलावा आणि पंक्तिभेदाची बोच यांपैकी एकाने दुसऱ्याला पुसून टाकावे असे त्या लेखाला वाटत नाही. तुक्तेनची गैरहजेरी आणि हुमलाच्या गावकऱ्यांचे बोलणे यांचे मोल या परंपरेत ठेवून पाहिले असता अधिक कळते.

हा प्रश्न केवळ रूपाचा नाही. १८ ऑगस्ट १९९८ च्या रात्री कैलासयात्रेच्या भारतीय मार्गावरील मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्यांत यात्रेकरू साठ होते. उरलेले बहुसंख्य हमाल, खेचरवाले, कर्मचारी, जवान आणि गावकरी होते. लोकस्मृतीत मात्र ती यात्रेकरूंची दुर्घटना म्हणूनच प्रामुख्याने नोंदली गेली. यात्रेचे कथन कोणाला यात्रिक मानते आणि कोणाला वाटेचा भाग, याचा हिशेब अशा वेळी उघड होतो.

२०२० मध्ये लिपुलेखपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्याच वर्षी थांबलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पूर्वीच्या पायी टप्प्यांचा मोठा भाग वाहनाने पार होऊ लागला होता. परिक्रमा मात्र अजून पायीच आहे. खोऱ्यातील दिवस आटले की वाटेवरच्या माणसांना संहितेत शिरण्यासाठी मिळणारी पानेही आटतील, आणि मग लेखकासमोर उरेल तो एकटा पर्वत. त्याला आरसा होण्यापासून वाचविणे तेव्हा आजच्याहून कठीण जाईल. पुढील यात्रावर्णनांचे वाचन करताना समीक्षेला म्हणूनच शिखराच्या वर्णनापेक्षा ओझे कोणी वाहिले, तो काय बोलला आणि लेखकाने ते कितपत ऐकले, हे आधी तपासावे लागेल.