रि-टु-क्सि-मॅब

औषधाचं नाव वाचताना जीभ अडखळते आणि आपण पुढे जातो. या नावापाशी मात्र थोडं थांबावं. शेवटचं 'मॅब' म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, एकाच पेशीच्या वंशातून आलेलं, हुबेहूब एकसारखं प्रतिपिंड. त्याच्या आधीचं 'क्सि' सांगतं की हे प्रतिपिंड संकरित आहे, उंदीर आणि माणूस यांच्या प्रथिनांचं. 'टु' म्हणजे ट्यूमर. उरलं 'रि', तेवढंच नाव ठेवणाऱ्याच्या मर्जीचं. कूळ, घडण आणि काम, तिन्ही एका नावात बसवलंय.

त्या संकरातली कारागिरी बघण्यासारखी आहे. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन फाट्यांची टोकं उंदराकडून घेतली, कारण माणसाच्या पेशीवरचं प्रथिन परकं म्हणून अचूक हेरायला उंदरासारख्या दुसऱ्या प्राण्याचं शरीर हवं. बाकीचं धड माणसाचं ठेवलं, म्हणजे आपल्या मारक पेशी ते ओळखतात आणि मदतीला धावतात. अशी एकसारखी प्रतिपिंडं बनवायची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. त्यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. कर्करोगाची पेशी थकत नाही, वाढतच राहते. तिचा हाच दुर्गुण त्यांनी उसना घेतला. पुढे ज्या रोगावर हे औषध चालायचं होतं, त्याच जातीच्या रोगाने ते घडवायला हातभार लावला, हे मला फार सुंदर वाटतं.

पण खरी नजर दिसते ती निशाणाच्या निवडीत. हे औषध ज्यावर चालतं तो लिम्फोमा हा लसीका संस्थेचा कर्करोग, आणि त्याचे बहुतेक प्रकार प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचे. या पेशींच्या अंगावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं. ते सुटून रक्तात वाहत नाही, म्हणून औषध वाटेत वाया जात नाही. प्रतिपिंड चिकटल्यावर ते सहसा पेशीच्या पोटातही शिरत नाही, त्यामुळे धरलेली जागा सुटत नाही. निरोगी बी-पेशीवरही हेच प्रथिन असतं, तेव्हा सुक्याबरोबर ओलंही जळतं. तरीही औषध दोन ठिकाणं सोडतं. ज्या मूलपेशींतून नव्या बी-पेशी जन्मतात त्यांवर सीडी२० नसतं. जुन्या आजारांवरची प्रतिपिंडं बनवत बसलेल्या प्लाझ्मा पेशींवरही नसतं. उभं पीक कापलं जातं. बियाणं शाबूत राहतं आणि कणगीतलं धान्यही. उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी नव्या बी-पेशी दिसू लागतात आणि वर्षभरात बहुतेकांचं शेत पुन्हा उभं राहतं.

आईला पहिला डोस दिला त्या दिवशी मी डे-केअरमध्ये तिच्या शेजारी बसले होते. हा डोस गोळीसारखा सरसकट नसतो. उंची आणि वजन यांवरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात आणि दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम धरतात. आईचं क्षेत्रफळ १.६ भरलं, म्हणजे ६०० मिलिग्रॅम. एक मोठी कुपी, एक लहान. पाण्यासारखं स्वच्छ औषध. सलाईनमध्ये घातल्यावर सिस्टरने पिशवी हलवली नाही, हळूच उलटी करून सुलटी केली. प्रथिनाला हिसडा सोसत नाही, फेस येतो.

आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं इंजेक्शन झालं. पंपाचा वेग लावला तासाला ५० मिलिग्रॅम. अर्ध्या तासाने १००. "काकू, थंडी वाजली, छाती भरून आली, तर लगेच सांगायचं. अंगावर काढायचं नाही." तासाभरात आईला हुडहुडी भरली, मानेवर पित्त उठलं. सिस्टरने पंप थांबवला, रक्तदाब घेतला, इंजेक्शन दिलं, आणि सगळं ओसरल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केला. पहिल्या वेळी रक्तात बी-पेशी भरपूर असतात. त्या एकदम फुटल्या की त्यांतून सुटणाऱ्या रसायनांनी शरीर थरथरतं. म्हणून हा त्रास पहिल्या डोसलाच सर्वात जास्त. हे कारण कळल्यावर त्या वाढत्या आकड्यांतली सावधगिरी मला दिसू लागली.

या औषधाच्या दुष्परिणामांना असा तर्क आहे. हेपटायटिस बीचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं निजून राहतो. त्याच्यावरचा पहारा बी-पेशींच्याही जिवावर. पहारा उठला की तो जागा होतो, कधी उपचार संपून महिने लोटल्यावरही, आणि ती कावीळ जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्या थेंबाआधी रक्ताच्या दोन तपासण्या: विषाणू आज आहे का, आणि पूर्वी कधी येऊन गेला का. दुसरी तपासणी किरकोळ वाटते, पण निजलेला विषाणू तीच पकडते. लसींचंही तसंच. नवी प्रतिपिंडं बनवणारेच नाहीत, तर लस शिकवणार कोणाला? शक्य तेव्हा ती आधी देतात. जेसी विषाणूमुळे मेंदूला होणारी इजा अगदी विरळा, पण गंभीर.

अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबरात याला मान्यता मिळाली. तिथे मान्यता मिळालेलं कर्करोगावरचं असं हे पहिलंच प्रतिपिंड. २००२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने ३९९ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सगळे ६० ते ८० वयाचे, वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाचे. अर्ध्यांना 'चॉप' ही जुनी केमो, अर्ध्यांना तीच केमो आणि हे औषध. दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ५७ वरून ७० वर गेलं. चॉपच्या आधी एक 'आर' लागला, एवढंच. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने आपलं रिटुक्सिमॅब कमी किमतीत आणलं, म्हणून तो 'आर' आमच्यासारख्या घरांच्या चिठ्ठीवरही आला.

तीन आठवड्यांनी आई पुन्हा त्याच खुर्चीत बसली. सिस्टरने या खेपेला पंप थेट १०० वर लावला. अर्ध्या तासाने २००, मग ३००. आईने शाल मांडीवर घेऊन ठेवली होती, पण ती उघडावी लागली नाही. दोन तासांनी वेग ४०० वर होता आणि आई झोपली होती.