पुरस्कार लेखाला मिळतो, संपादकाच्या खुर्चीला नाही



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. शेजारच्या देशाबद्दल नीट लिहिलं जावं म्हणून पैसे लावले, तर नीट लिहिलं जातं का?

युरोपात हा प्रयोग जवळजवळ तीस वर्षं चालू आहे. जर्मनी आणि पोलंड मिळून १९९७ पासून एक पत्रकारिता पुरस्कार देतात. त्याला तादेउश माझोव्येत्स्की यांचं नाव आहे. हे १९८९ मध्ये पोलंडचे पहिले बिगर-कम्युनिस्ट पंतप्रधान झाले, पण मुळात संपादक. 'सॉलिडॅरिटी' चळवळीचं साप्ताहिक त्यांनी चालवलं होतं. बर्लिनची भिंत पडली आणि तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबर १९८९ ला, एका प्रार्थनासभेत त्यांनी आणि जर्मन चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी एकमेकांना आलिंगन दिलं. महायुद्धाच्या आठवणी असलेल्या दोन देशांसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पुरस्काराचे पैसे येतात रॉबर्ट बॉश फाउंडेशन, जर्मन-पोलिश सहकार्याची संस्था आणि सीमेलगतची सहा राज्यं-प्रांत यांच्याकडून. प्रत्येक विभागाला ५,००० युरो. आता तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? विशेष हे, की इथे दौऱ्याचं बक्षीस नाही, छापून आलेल्या कामाचं आहे. आठ दिवस फिरवलं, जेवण घातलं, आणि परत येऊन पाहुण्याने 'तिथली माणसं किती प्रेमळ' असा लेख लिहिला, हा प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. त्या लेखात यजमान दिसतो, देश दिसत नाही. त्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी.

मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो सीमाभागातल्या पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग. का, ते ओडर नदीवरून कळतं. ही नदी दोन्ही देशांची हद्द आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तिच्यात शेकडो टन मासे मेले. पोलंडच्या बाजूला जुलैअखेरपासून मेलेले मासे दिसत होते. जर्मनीच्या बाजूला गडबड उडाली ती ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडल्यावर. आम्हाला वेळेवर कळवलं नाही, अशी जर्मन मंत्र्यांची तक्रार होती. पुढे कारण सापडलं: खारट सांडपाणी, कमी झालेलं पाणी, उष्णता आणि त्यात फोफावलेलं विषारी शेवाळ. पाणी हद्द ओलांडून गेलं, बातमी मात्र अडकली. अशा वेळी दोन्ही भाषा येणारा, पलीकडच्या मासेमाराचा फोन नंबर जवळ असणारा स्थानिक बातमीदार दहा परिषदांपेक्षा जास्त कामाचा. तो तयार व्हायचा असेल, तर त्याच्या कामाची कुणीतरी दखल घ्यायला हवी.

इथवर कौतुक झालं. आता माझी तक्रार.

पुरस्कार लेखाला मिळतो. लेख छापायचा की नाही, हे ठरतं दुसरीकडे. २०२० च्या डिसेंबरमध्ये पोलंडमधल्या ऑर्लेन या सरकारी नियंत्रणाखालच्या तेल कंपनीने एका जर्मन प्रकाशनसमूहाकडून 'पोल्स्का प्रेस' विकत घ्यायचं जाहीर केलं. देशातल्या २४ प्रादेशिक दैनिकांपैकी २० त्यांची! व्यवहार झाल्यावर अनेक ठिकाणी संपादक बदलले. म्हणजे बघा, सीमेवरच्या बातमीदाराने ज्या प्रकारच्या दैनिकात लिहायचं, त्याची मालकीच एका सौद्यात फिरली. तिथे ५,००० युरोचं बक्षीस काय करणार? पुरस्काराने धीर येतो, संरक्षण मिळत नाही. ते मिळतंय असा आव कुणी आणू नये.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर पहिली पायरीच गायब आहे. भारत-पाकिस्तानमध्ये अनेक वर्षं एक व्यवस्था होती: एकमेकांच्या राजधानीत प्रत्येकी दोन बातमीदार. २०१४ च्या मे महिन्यात पाकिस्तानने इस्लामाबादमधल्या दोन्ही भारतीय पत्रकारांना आठवड्याभरात निघायला सांगितलं. त्यातल्या एक, मुंबईच्या मीना मेनन. त्यांनी पुढे 'रिपोर्टिंग पाकिस्तान' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा व्हिसा फक्त इस्लामाबादपुरता होता. शहराबाहेरचा देश पाहायचीच मुभा नसेल, तर वाचकाला तो दाखवणार कसा?

आज दोन्हीकडचे पत्रकार एकत्र बसतात ते ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर, लंडनमध्ये. कार्यक्रम चांगला आहे. पण भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याला भेटायला लंडनमार्गे जायचं, यात आपली शोभा नाही.

म्हणून मागणी करायचीच असेल, तर क्रम लक्षात ठेवू या. आधी राहायचा आणि फिरायचा परवाना. मग लेख छापायची हिंमत असलेला संपादक. बक्षीस त्यानंतर. जर्मनी-पोलंडकडे पहिली गोष्ट आहे, म्हणून तिसरीला अर्थ आला. दुसरी डळमळली तेव्हा तिसरीला ती सावरता आली नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा.